जमीन घेण्याआधी तिच्याखालचं पाणी: खरेदी आणि सफाईच्या निर्णयासाठी भूजल प्रदूषणाचं मॉडेल कसं करावं

धातूच्या सुट्या भागांवरचं वंगण धुऊन काढायला ट्रायक्लोरोइथिलीन नावाचा द्रव कारखान्यांत अनेक दशकं वापरला गेला. एका लिटरचं वजन भरतं सुमारे १.४६ किलो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब मांडून पाहिला, तर हा एक लिटर जवळजवळ २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला आणून ठेवू शकतो. जमिनीत मुरलेला असा द्रव वरून दिसत नाही, आणि त्याने बिघडवलेलं पाणी ज्या भूखंडावर तो सांडला तिथेच थांबतही नाही.

मी भूजलाची मॉडेलं करतो, म्हणजे जमिनीखालचं पाणी आणि त्यातलं रसायन कुठे आणि किती वेगाने जाईल याचा गणिती अंदाज बांधतो. माझ्याकडे येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक दोनच असतात: ही जमीन घ्यावी का, आणि हातात असलेली जमीन स्वच्छ करायची तर कशी आणि किती वर्षांत. संगणकावरचं रंगीत चित्र या प्रश्नांचं उत्तर देईल अशी त्यांची अपेक्षा असते. चित्र काढता येतं, पण कोणता निर्णय घ्यायचा आहे हे आधी ठरलेलं नसेल तर त्या चित्रातून काहीच ठरत नाही. म्हणून हा लेख संगणकापासून सुरू होत नाही.

आधी निर्णय लिहून काढा

एका कागदावर प्रश्न लिहा. ‘या जमिनीखाली प्रदूषण आहे का?’ हा प्रश्न फार सैल आहे. ‘पुढच्या १५ वर्षांत पूर्वेच्या हद्दीवर ट्रायक्लोरोइथिलीन ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाईल का?’ हा प्रश्न मॉडेलला विचारता येतो. ‘तळघर बांधताना सहा महिने पाणी उपसलं, तर शेजारचं दूषित पाणी आमच्याकडे ओढलं जाईल का?’ हाही विचारता येतो. जागा, मुदत, पदार्थ आणि मर्यादा या चार गोष्टी प्रश्नात असल्याच पाहिजेत.

त्याच कागदावर पुढे लिहा: उत्तर ‘हो’ आलं तर काय करू, ‘नाही’ आलं तर काय करू. दोन्हीकडे एकच कृती लिहिली गेली, तर मॉडेलवर खर्च करू नका. हे मी मनापासून सांगतो, कारण अशा कामांत लोकांचे महिने वाया जाताना मी पाहिले आहेत.

कायद्याची बाजूही इथेच तपासून घ्या. काही देशांत प्रदूषण कोणी केलं याला महत्त्व असतं, तर काही ठिकाणी सध्याचा मालकही जबाबदार धरला जातो. अमेरिकेतला १९८० चा सुपरफंड कायदा या दुसऱ्या प्रकारचा आहे. तिथे खरेदीआधी नीट चौकशी केल्याची नोंद नवीन मालकाच्या बचावाला उपयोगी पडते. जिथे जमीन आहे तिथला नियम वकिलाकडून लेखी घ्या, कारण मॉडेलने कोणत्या मुदतीचं उत्तर द्यायचं हेसुद्धा त्यावर अवलंबून असतं.

जागेचा इतिहास

पहिली तपासणी कागदांची. जुनी हवाई छायाचित्रं, जुने नकाशे, परवान्यांच्या नोंदी, आगीच्या आणि गळतीच्या तक्रारी, आणि तिथे काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा. यातली शेवटची गोष्ट फार मोलाची. डबे कुठे रिकामे करायचे, पाणी कुठल्या खड्ड्यात सोडायचे, हे कागदावर कधीच नसतं.

धंद्यावरून पदार्थाचा अंदाज येतो. इंधन पंप असेल तर जमिनीखालच्या टाक्या आणि बेंझीन. कपड्यांची ड्रायक्लीनिंग असेल तर परक्लोरोइथिलीन. क्रोम मुलामा देणारा कारखाना असेल तर सहा संयुजेचं क्रोमियम. विमानतळ किंवा अग्निशमन सरावाची जागा असेल तर फेसातून आलेली पीएफएएस रसायनं. खतांचा मारा असलेली शेती असेल तर नायट्रेट. पदार्थ ओळखणं महत्त्वाचं, कारण प्रत्येकाची जमिनीखालची चाल वेगळी असते. बेंझीन असलेलं पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे भूजलपातळीवर तरंगतं, आणि प्राणवायू मिळाला की बेंझीन जिवाणू खाऊन टाकतात. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड, म्हणून ते पातळी भेदून खाली जातं आणि चिकणमातीच्या थरावर साचतं. पीएफएएस जवळजवळ मोडतच नाहीत, आणि त्यांतल्या दोन मुख्य रसायनांना अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला फक्त ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली.

शोध फक्त विकत घ्यायच्या भूखंडापुरता ठेवू नका. भूजल ज्या बाजूने येतं त्या बाजूचे शेजारीही तपासा.

हाताने काढलेलं छेदचित्र

आता जमिनीचा उभा छेद पेन्सिलने काढा. वर माती, खाली वाळू, मधे चिकणमातीचा पट्टा, खाली खडक. पाण्याची पातळी, नदी किंवा ओढा, जवळच्या उपसा विहिरी, आणि प्रदूषणाचा उगम. पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं ते बाणांनी दाखवा. याला संकल्पनात्मक मॉडेल म्हणतात. माझ्या अनुभवात चुकलेल्या मॉडेलांपैकी बहुतेक इथेच चुकलेली असतात. पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी ही चूक त्यात भरून निघत नाही.

याचं जुनं उदाहरण मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नचं. तिथल्या दोन सार्वजनिक विहिरींत ट्रायक्लोरोइथिलीन सापडलं आणि १९७९ मध्ये त्या बंद झाल्या. पुढच्या खटल्यात, १९८६ मध्ये, ॲबरजोना नदीतून विहिरींना किती पाणी येतं हा वादाचा मोठा मुद्दा ठरला. विहिरी पुन्हा चालवून केलेल्या दीर्घ उपसा चाचणीत दिसलं की नदीचं पाणी मोठ्या प्रमाणात जमिनीखालून विहिरींकडे वळत होतं. छेदचित्रात नदीजवळ बाण कुठल्या दिशेने काढायचा एवढ्याच प्रश्नावर तज्ज्ञांचे निष्कर्ष उलटसुलट झाले.

विहिरी आणि मोजमाप

पाण्याची दिशा कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत नकोत. समजा विहिरींतल्या पाण्याची उंची ५२.६०, ५२.३० आणि ५२.०० मीटर आहे. सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या विहिरीला जोडणारी रेघ काढा. त्या रेघेच्या मध्यावर पाणी ५२.३० ला असणार. तो मध्यबिंदू तिसऱ्या विहिरीला जोडला की समपातळीची रेषा मिळते. तिला काटकोनात, उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जाणारी दिशा ही पाण्याची दिशा.

या साध्या भूमितीला एक शत्रू आहे: विहिरीच्या तोंडाची चुकीची मोजलेली उंची. दोन विहिरींत ३० मीटर अंतर आणि पाण्याच्या पातळीचा उतार हजारात १ असेल, तर पातळीतला फरक फक्त ३ सेंटिमीटर. सर्वेक्षणात २ सेंटिमीटर चूक झाली तर बाण कुठेही वळू शकतो. म्हणून नळीच्या काठावर खूण करा, तिची उंची मिलिमीटरपर्यंत मोजून घ्या, आणि सगळ्या विहिरींची पातळी एकाच दिवशी, शक्य तर दोन-तीन तासांत मोजा. पावसाळ्यात आणि कोरड्या काळात परत मोजा. एका जागेवर मी एकाच मोजणीवर विसंबून दिशा ठरवली होती. शेजारचा मोठा पंप त्या आठवड्यात बंद होता. तो सुरू झाल्यावर पाणी जवळजवळ उलट दिशेने जायला लागलं, आणि माझे सगळे बाण पुन्हा काढावे लागले. तेव्हापासून आसपासच्या पंपांचं वेळापत्रक मिळाल्याशिवाय मी दिशा लिहीत नाही.

विहिरीची जाळीदार नळी आखूड ठेवा, दीड ते तीन मीटर. लांब जाळीत स्वच्छ आणि दूषित पाणी मिसळतं, आकडा फसवा कमी येतो. जड द्रवाची शंका असेल तर वेगवेगळ्या खोलीच्या विहिरी शेजारी शेजारी घ्या; पाणी वर चाललंय की खाली हेही त्यातूनच कळतं. नमुना घेताना पंप अगदी संथ चालवा, आणि उडून जाणाऱ्या रसायनांसाठीच्या बाटलीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. प्रयोगशाळेला कोऱ्या पाण्याचा एक नमुना आणि एक दुहेरी नमुना नावं न सांगता पाठवा.

जलवाहकता, म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं हे, मोजणं टाळू नका. खडीत ती दिवसाला शेकडो मीटर असू शकते, स्वच्छ वाळूत साधारण १ ते १००, आणि चिकणमातीत मीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. एवढी मोठी तफावत दुसऱ्या कुठल्याच आकड्यात नाही. एका विहिरीत पातळी अचानक बदलून घेतलेली स्लग चाचणी फक्त विहिरीलगतचं सांगते. उपसा चाचणी महाग पडते, पण मोठ्या भागाची सरासरी देते.

संगणकाआधी वहीवरचा हिशेब

१८५६ मध्ये आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजों शहरातल्या वाळूच्या नळकांड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आजही सगळी भूजल मॉडेलं त्या नियमावर उभी आहेत. आपल्याला लागणारं त्याचं रूप असं:

पाण्याचा वेग = जलवाहकता × उतार ÷ परिणामी सच्छिद्रता

परिणामी सच्छिद्रता म्हणजे ज्या छिद्रांतून पाणी खरोखर वाहतं त्यांचा थराच्या एकूण आकारमानातला वाटा. उदाहरण घेऊ. जलवाहकता दिवसाला १० मीटर, उतार ०.००५, सच्छिद्रता ०.२५. वेग दिवसाला ०.२ मीटर, म्हणजे वर्षाला ७३ मीटर.

ट्रायक्लोरोइथिलीन मातीतल्या सेंद्रिय कणांना थोडं चिकटतं, म्हणून पाण्याहून हळू जातं. या मंदपणाचा गुणांक असा: १ + (मातीची घनता ÷ सच्छिद्रता) × वाटणी गुणांक. रसायन माती आणि पाणी यांत कसं वाटलं जातं ते हा वाटणी गुणांक सांगतो. घनता १.७५, सच्छिद्रता ०.२५ आणि कमी सेंद्रिय कार्बन असलेल्या वाळूत वाटणी गुणांक ०.१ धरला, तर उत्तर १.७. म्हणजे रसायन वर्षाला सुमारे ४३ मीटर जाईल. उगम हद्दीपासून ३०० मीटर चढाकडे, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, असेल, तर पोचायला सुमारे ७ वर्षं.

आता खरी गोष्ट. जलवाहकता १० आहे हे आपल्याला कितपत माहीत आहे? ती ३० असेल तर सव्वादोन-अडीच वर्षं लागतील, ३ असेल तर २३. एकाच जागेवर एवढा फरक अगदी सामान्य आहे. ‘७ वर्षं’ असं एकच उत्तर देणारा अहवाल हातात आला तर तो परत पाठवा.

शिवाय ही वर्षं दूषित पाण्याच्या पट्ट्याच्या, म्हणजे प्लूमच्या, मध्याची आहेत. काही पाणी मोठ्या पोकळ्यांतून पुढे धावतं, म्हणून प्लूमचं टोक आधी पोचतं. आणि मर्यादा उगमाच्या मानाने खूपच लहान असते, तेव्हा धोका त्या टोकापासूनच सुरू होतो. रसायनाच्या अशा पुढेमागे पसरण्याला विकिरण (डिस्पर्शन) म्हणतात. जुना ठोकताळा असा की ते प्लूमच्या लांबीच्या दहाव्या भागाइतकं धरायचं. मी तो सावधपणे वापरतो. कॅनडातल्या बोर्डनच्या वाळूत १९८२ पासून चाललेल्या प्रयोगात लांबीच्या दिशेचं विकिरण मीटरपेक्षाही कमी निघालं, आणि अमेरिकेतल्या केप कॉडच्या १९८५ च्या प्रयोगात मीटरच्या आसपास. विकिरण जास्त धरलं की मॉडेलमधला प्लूम पसरतो आणि पातळ होतो, आणि कागदावर धोका नाहीसा होतो.

खडकाच्या भेगांतून पाणी वाहत असेल तर परिणामी सच्छिद्रता शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. वरच्याच उदाहरणात ०.२५ च्या जागी ०.०१ टाका, वेग २५ पट होतो. अशा जागेवर वाळूचे ठोकताळे लावू नका.

आणखी एक हिशेब मला फार आवडतो, कारण तो खरेदीदाराला चटकन समजतो. हद्दीवर प्लूमची रुंदी ६० मीटर आणि जाडी १० मीटर धरा, म्हणजे ६०० चौरस मीटर छेद. त्यातून दिवसाला १० × ०.००५ × ६००, म्हणजे ३० घनमीटर पाणी जातं. सरासरी संहती, म्हणजे पाण्यातलं रसायनाचं प्रमाण, लिटरला १०० मायक्रोग्रॅम असेल तर रोज फक्त ३ ग्रॅम रसायन हद्द ओलांडतं. पण पुढे कोणी दिवसाला ६०० घनमीटर उपसणारी विहीर घेतली आणि तिने हा सगळा प्लूम ओढला, तर त्या विहिरीचं पाणी बरोबर ५ मायक्रोग्रॅमला येऊन टेकतं. संहतीपेक्षा हा रोजचा वजनाचा आकडा निर्णयाला जास्त उपयोगी पडतो.

बऱ्याच लहान जागांना एवढा हिशेब पुरतो. तीन-चार टोकाच्या शक्यता धरूनही प्लूम हद्दीच्या आसपास येत नसेल तर मोठं मॉडेल करू नका.

संगणकावरचं मॉडेल

जागा गुंतागुंतीची असेल, थर अनेक असतील, पंप चालू-बंद होत असतील, तर पुढे जावं लागतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं मॉडफ्लो हे सॉफ्टवेअर १९८४ पासून आहे, मोफत आहे आणि जगभर मान्य आहे. प्रवाह त्यात सोडवतात. पाण्याच्या कणांचे मार्ग मॉडपाथ दाखवतं. रसायनाच्या वाहतुकीसाठी एमटी३डीएमएस किंवा मॉडफ्लो ६ मधला वाहतुकीचा भाग. चित्रांतून मॉडेल बांधायला मॉडेलम्यूज, आणि पायथन ही संगणकभाषा येत असेल तर फ्लोपाय. साध्या जागांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची बायोस्क्रीन आणि बायोक्लोर ही लहान साधनंही आहेत.

सीमा दूर ठेवा. मॉडेलची कड नदी, पाणलोटाची रेषा अशा खऱ्या गोष्टींवर टेकवा. भूखंडाच्या कुंपणावर स्थिर पातळी ठोकून दिली तर उत्तर तुम्हीच आधी लिहून ठेवल्यासारखं होतं, कारण ती कड लागेल तेवढं पाणी पुरवत राहते आणि तुमच्या पंपाचा परिणाम दिसूच देत नाही.

जाळीचे चौकोन प्लूमभोवती बारीक घ्या. एका चौकोनाची लांबी विकिरणाच्या आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको, नाहीतर गणितच खोटं विकिरण तयार करतं. काळाचा टप्पाही असा ठेवा की एका टप्प्यात रसायन एका चौकोनापलीकडे जाणार नाही.

आधी फक्त प्रवाह चालवा. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी जुळतं का ते पाहा. फरक शंभरात एकाहून कमी हवा. मग कणांचे मार्ग. ते तुमच्या छेदचित्राशी जुळले की मगच रसायन घाला.

मेळ घालताना होणारी मोठी फसवणूक

मॉडेलच्या पातळ्या मोजलेल्या पातळ्यांशी जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन. इथे एक सापळा आहे आणि त्यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण यात अनुभवी लोकही अडकतात.

समजा वर्षाला १०० मिलिमीटर पाणी मुरतं आणि जलवाहकता ५ आहे असं धरून पातळ्या छान जुळल्या. आता मुरणारं पाणी २०० करा आणि जलवाहकता १० करा. सीमा तशाच असतील तर पातळ्या तंतोतंत तेवढ्याच येतात, कारण पातळी या दोघांच्या प्रमाणावर ठरते. पण वेग दुप्पट झाला. प्लूम निम्म्या वेळात हद्दीवर पोचला. दोन्ही मॉडेलांचा आलेख तितकाच सुंदर दिसतो, आणि एक म्हणतं जमीन घ्या, दुसरं म्हणतं थांबा.

पातळ्यांच्या कितीही विहिरी वाढवल्या तरी हा पेच सुटत नाही. तो सुटतो वाहणाऱ्या पाण्याच्या मोजमापाने: कोरड्या काळात ओढ्यात भूजलाचं किती पाणी येतं, उपसा चाचणीतून जलवाहकता किती निघते, किंवा ट्रिशियमसारख्या (किरणोत्सारी हायड्रोजन) खुणेवरून पाण्याचं वय किती. प्लूमची स्वतःची लांबीही पुरावा आहे. कारखाना सुरू झाल्याचं वर्ष माहीत असेल आणि टोक आज कुठे आहे ते माहीत असेल, तर वेगाला एक चौकट मिळते. ‘पातळ्यांचा मेळ उत्तम आहे’ असं कोणी म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: प्रवाहाचा कोणता आकडा जुळवला?

मेळ घालायला पेस्ट (PEST) हे संगणकी साधन १९९४ पासून वापरात आहे. त्याचा चांगला उपयोग एक उत्तर काढण्यासाठी नाही. मोजमापांशी जुळणारे शेकडो वेगवेगळे आकडे-संच काढून त्या प्रत्येकाचा अंदाज पाहावा, हा तो उपयोग.

मॉडेलकडून उलटं उत्तर वदवून घ्या

आता पहिल्या कागदावरचा प्रश्न परत काढा. प्लूम हद्दीवर येत नाही असं मॉडेल म्हणत असेल, तर तो यावा यासाठी मुद्दाम प्रयत्न करा. जलवाहकता वाढवा, चिकणमातीच्या पट्ट्याला भोक पाडा, रसायनाचं मोडणं शून्य करा, शेजारचा पंप बंद करा, आणि तरीही मोजलेले आकडे जुळतात का ते पाहा. जुळले नाहीत तर ‘येत नाही’ हे उत्तर भक्कम आहे. जुळले, तर मोजमापांनी अजून निर्णय दिलेला नाही.

यातून तीन परिस्थिती निघतात. सर्वांत वाईट जुळणाऱ्या संचातही प्लूम येत नसेल, तर घ्या आणि हद्दीवर पहारा विहीर ठेवा. सर्वांत चांगल्या संचातही येत असेल, तर सफाईचा खर्च किमतीतून वजा करून घ्या किंवा व्यवहार सोडा. आणि उत्तर मधे लोंबकळत असेल तर मॉडेल आणखी सजवू नका. ‘येतो’ आणि ‘येत नाही’ म्हणणारी मॉडेलं कोणत्या ठिकाणी, कोणत्या खोलीवर एकमेकांपासून सर्वांत वेगळी वागतात ते शोधा, आणि पुढची विहीर तिथेच घ्या. अशी एक विहीर अंदाजाने घेतलेल्या दहांपेक्षा जास्त सांगते. मी या कामावर एवढा वेळ घालवतो तो मुख्यतः ती जागा शोधण्यासाठी.

खरेदीदार स्वतःच्या योजना मॉडेलमध्ये घालायला हमखास विसरतात. आज प्लूम हद्दीबाहेरून निघून जात असेल, पण तुम्ही विहीर घेतली, तळघरासाठी उपसा केला, किंवा पावसाचं पाणी मुरवायचा मोठा खड्डा केला, की प्रवाह बदलतो. मुरवलेलं पाणी प्लूम दूर ढकलू शकतं किंवा जमिनीत अडकलेलं रसायन धुऊन खाली नेऊ शकतं. उडणारी रसायनं असतील तर पाणी न पिताही धोका आहे: वाफ मातीतून वर चढून इमारतीत शिरते. त्यासाठी मातीतल्या हवेचे नमुने वेगळे घ्यावे लागतात.

सफाईचा पर्याय निवडताना

पहिला प्रश्न उगमाचा. मोकळा द्रव अजून जमिनीत आहे का? ट्रायक्लोरोइथिलीनची पाण्यातली विद्राव्यता लिटरला हजार मिलिग्रॅमच्या वर आहे. विहिरीत तिच्या शंभराव्या भागाहून जास्त, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या वर संहती मिळाली, तर द्रव जवळपास आहे असं धरून चाला. तो तसाच ठेवून पुढचा प्लूम साफ करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

उपसून शुद्ध करण्याचा हिशेब आपल्या उदाहरणावर करू. प्लूमच्या ६० मीटर रुंदीतून रोज ३० घनमीटर वाहतं, म्हणजे पकडायला किमान तेवढा उपसा हवा. पण विहिरीच्या ओळीत पकडीची रुंदी चढाकडच्या रुंदीच्या निम्मीच असते. त्यामुळे, आणि जमीन एकसारखी नसते म्हणून, मी दुप्पट, ६० घनमीटर धरतो. प्लूम २०० मीटर लांब असेल तर त्याच्या छिद्रांत ३०,००० घनमीटर पाणी आहे. एकदा बदलायला ५०० दिवस. संहती ५०० वरून ५ मायक्रोग्रॅमला आणायला, मंदपणा १.७ धरून, हे पाणी सुमारे ७.८ वेळा बदलावं लागतं. म्हणजे ३,९०० दिवस, साडेदहा वर्षांहून जास्त. तेही आदर्श स्थितीत. चिकणमातीच्या पट्ट्यांत वर्षानुवर्षं मुरलेलं रसायन वाळू स्वच्छ झाल्यावर हळूहळू परत बाहेर येतं, आणि पंप थांबवला की संहती उसळी मारते. मॉडेलमध्ये चिकणमातीचे पातळ थर वेगळे दाखवले नसतील तर ही उसळी दिसत नाही आणि सफाईची मुदत फार कमी निघते.

वाटेत लोहचूर्णाची पाझरती भिंत, जिच्यातून पाणी जाताना लोह रसायन मोडतं, घालायची असेल तर मॉडेलकडून वेग घ्या. दिवसाला ०.२ मीटर वेग आणि ३ दिवसांचा संपर्क हवा असेल तर किमान ०.६ मीटर जाडी. भिंत चिकणमातीत रुतलेली नसेल तर पाणी तिच्याखालून जातं.

जिवाणूंना खाद्य देऊन रसायन मोडण्याच्या उपायात मधल्या टप्प्यांवर नजर ठेवा. ट्रायक्लोरोइथिलीन मोडताना विनाइल क्लोराइड तयार होतं, आणि त्याची अमेरिकेतली मर्यादा २ मायक्रोग्रॅम, मूळ पदार्थाहून कडक. मोडणं तिथेच अडकलं तर पाणी आधीपेक्षा वाईट होतं. म्हणून मॉडेलमध्ये एकच अर्धायुष्य (रसायन निम्मं व्हायला लागणारा काळ) घालून मोकळं होऊ नका. साखळीतला प्रत्येक पदार्थ वेगळा चालवा. निसर्गावर सोपवण्याचा पर्याय बेंझीनला अनेक ठिकाणी खरंच लागू पडतो. पण पुस्तकातलं अर्धायुष्य पुरावा होत नाही. त्याच विहिरींत अनेक वर्षं संहती घटते आहे, प्राणवायू आणि नायट्रेट प्लूमच्या आत संपले आहेत, हे दिसायला हवं.

अहवाल स्वीकारण्याआधी

फक्त छापील अहवाल घेऊ नका. मॉडेलच्या सगळ्या आदान-फाइली, विहिरींच्या नोंदी, पातळ्यांचे मूळ आकडे आणि गृहीतकांची यादी करारातच मागून ठेवा. दुसऱ्या माणसाने त्या फाइली चालवल्यावर तेच उत्तर आलं पाहिजे. पोचण्याची वेळ एका आकड्यात न देता किमान ते कमाल अशा टप्प्यात दिलेली असावी, आणि तो टप्पा कोणत्या अनिश्चिततेमुळे एवढा रुंद आहे हेही लिहिलेलं असावं.

सफाई सुरू झाली की पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी नमुने घ्या आणि मॉडेलने आधी लिहून ठेवलेल्या अंदाजाशेजारी ते आकडे मांडा. अंदाज चुकला तर आकडे ओढून-ताणून जुळवू नका. छेदचित्राकडे परत जा आणि कुठला बाण चुकला ते शोधा. पंप कायमचे काढण्याआधी ते बंद ठेवून किमान वर्षभर नमुने घ्या. चिकणमातीतून परत येणाऱ्या रसायनाला बाहेर पडायला तेवढा वेळ लागू शकतो, आणि ते बाहेर आलं तर पंप अजून जागेवर असलेले बरे.